कागद अजून गार आहे

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात एक समूहप्रदर्शन भरले होते आणि त्यानिमित्ताने सलग तीन संध्याकाळी चित्रकारांची प्रात्यक्षिके ठेवलेली होती. पहिल्या दिवशी जलरंगातले निसर्गचित्र, दुसऱ्या दिवशी तैलरंगातले व्यक्तिचित्र आणि तिसऱ्या दिवशी टाक व शाईने केलेले रेखाटन, असा क्रम होता. १९६८ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूत मी आजवर नाटकासाठी असंख्य वेळा आले असेन. मध्यंतरात पाय मोकळे करताना किंवा पडदा उघडायला वेळ आहे म्हणून कलादालनात डोकावणेही नेहमीचेच होते. पण केवळ चित्र होताना पाहायचे म्हणून घरून निघून, पावसात रिक्षा शोधत, वेळेच्या आधी पोहोचून पुढची खुर्ची धरण्याची ही पहिलीच वेळ होती.

गाणे आपण होताना ऐकतो, नाटक होताना पाहतो. चित्र मात्र झाल्यावर पाहतो. भिंतीवर टांगलेल्या चित्रातून ते घडवणारा माणूस निघून गेलेला असतो, त्याचा घाम, त्याची चुळबुळ, त्याने खोडलेल्या रेषा, मध्येच प्यायलेला चहा, सगळे पुसले गेलेले असते. चौकटीच्या आत एक निवांत, पूर्ण झालेली गोष्ट उरते आणि पाहणाऱ्याला वाटते की हे असेच, एकदम, या रूपात जन्माला आले असावे. माझाही समज अनेक वर्षे तसाच होता. तो तसा का होता याला एक जुने कारण आहे.

शाळेत असताना मी शासकीय रेखाकला परीक्षेच्या दोन्ही पायऱ्या, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दिल्या होत्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचा रंगांशी पहिला गंभीर संबंध या परीक्षांच्या सरावातच येतो. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आमचे चित्रकलेचे सर टेबलावर तांब्या, फुलपात्र आणि एखादे वांगे मांडून ठेवत आणि आम्ही पंधरा-वीस मुले त्याभोवती बसून वस्तुचित्राचा सराव करत असू. एकदा माझा तांब्या काही केल्या गोल दिसेना. सरांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, पाण्यात बुडवला, दोन रंग एकमेकांत मिसळले आणि तांब्याच्या डाव्या कडेने वरून खाली एकच लांब फटकारा ओढला. पितळ तिथल्या तिथे वळले. "आता वाळू दे. तोवर हात लावायचा नाही," एवढे म्हणून ते पुढच्या बाकाकडे गेले. माझ्याच्याने राहवले नाही. ती सावली अजून थोडी गडद हवी असे वाटून मी ओल्यावरच पुन्हा ब्रश टेकवला आणि तो सुंदर फटकारा माझ्या डोळ्यांदेखत चिखल झाला. सर रागावले नाहीत. त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नवा कागद दिला. पण तो फटकारा मला पुन्हा कधी जमला नाही, आणि इंटरमिजिएटनंतर रंगपेटी जी माळ्यावर गेली ती गेलीच. चित्रकारांच्या हातात काहीतरी उपजतच असते आणि आपल्यात ते नाही, अशी मी मनाची समजूत घालून घेतली.

पहिल्या संध्याकाळचे चित्रकार साठीच्या आसपासचे होते. त्यांनी आणलेले सामान पाहून माझ्या शेजारच्या तरुणाची निराशा झाली असावी, इतके ते मोजके होते. एक लाकडी बोर्ड, त्यावर चारी बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवलेला जाड, खरखरीत पोताचा कागद, पाण्याची दोन भांडी, वापरून वापरून डाग पडलेली पॅलेट, चार ब्रश आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा. कागद दर चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, कापसाच्या धाग्यांपासून बनवलेला होता. तो पाणी पितो, पण लगेच गिळून टाकत नाही, काही काळ ते पृष्ठभागावर खेळू देतो, असे त्यांनी सांगितले. विषय होता महात्मा फुले मंडईचा. सकाळी मंडईत उभे राहून केलेले तळहाताएवढे पेन्सिलचे टिपण त्यांनी बोर्डाच्या कोपऱ्याला क्लिपने अडकवले होते. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली ती दगडी इमारत, मधला उंच मनोरा, उतरती छपरे आणि खाली भाजीवाल्यांची ताडपत्री, एवढे त्या टिपणात होते. माणसे म्हणजे नुसत्या स्वल्पविरामासारख्या खुणा होत्या.

त्यांनी बोर्ड हलकासा कलता ठेवला आणि आकाशापासून सुरुवात केली. मोठ्या चपट्या ब्रशने डावीकडून उजवीकडे एक ओला पट्टा ओढला. त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची एक जाडसर रेघ साचली, पावसात पन्हाळीच्या कडेला पाणी लोंबते तशी. दुसरा पट्टा त्यांनी त्या साचलेल्या पाण्याला जेमतेम स्पर्श करून ओढला आणि ते सगळे पाणी खाली उतरून नव्या पट्ट्याच्या कडेला जाऊन थांबले. मग तिसरा, मग चौथा. कुठेही जोड दिसत नव्हता. पाणी स्वतःच्या वजनाने खाली येत होते आणि ब्रश त्याला फक्त वाट करून देत होता. वर अल्ट्रामरीन निळा, खाली येता येता त्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या मातीचा तांबूस तपकिरी. या दोन रंगांतून किती तऱ्हेचे राखाडी निघतात हे मी त्या पाच मिनिटांत पाहिले आणि पावसाळी पुण्याचे आकाश म्हणजे नेमके हेच दोन रंग, हे मला पटले.

त्यानंतर ते थांबले. ब्रश पाण्यात ठेवला, हात धोतराच्या तुकड्याला पुसले आणि नुसते उभे राहिले. मुलाला ताप आहे का हे पाहताना आई हाताची उलटी बाजू त्याच्या कपाळाला लावते, तशी त्यांनी बोटांची पाठ कागदाच्या कोपऱ्याला हलकेच टेकवली आणि म्हणाले, "अजून गार आहे."

मला त्या वाक्याचा अर्थ आधी कळला नाही. समोरच्या बाकावरच्या एका शाळकरी मुलीने विचारले तेव्हा त्यांनी एक वेगळा कागद ओला करून तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात कोरडा. वरची चमक गेली की कागद वाळला असे आपल्याला वाटते, पण आतल्या धाग्यांत पाणी असतेच. ते उडून जाताना कागदाची उष्णता घेऊन जाते, म्हणून ओलसर कागद हाताला गार लागतो. तो खोलीइतकाच कोमट लागला की समजायचे, वाळला. चमक असताना रंग सोडला तर तो हवा तसा पसरतो आणि पूर्ण वाळल्यावर लावला तर धारदार कड मिळते. या दोहोंच्या मधला, चमक गेलेली पण गारवा न गेलेला काळ हा सर्वांत धोक्याचा, कारण तेव्हा पाण्याचा एक जास्तीचा थेंब जरी पडला तरी तो अर्धवट बसलेल्या रंगाला ढकलत नेतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्याच्या कडेसारखी वेडीवाकडी किनार सोडतो. हे ऐकताना मला शनिवारची ती दुपार, सरांचे "हात लावायचा नाही" हे शब्द आणि माझा बिघडलेला तांब्या लख्ख दिसला. माझा हात वाईट नव्हता. मी थांबले नव्हते, एवढेच झाले होते. इतक्या वर्षांनी हे कळताना घशाशी काहीतरी दाटून आले, हे मी लपवणार नाही.

मंडईचा मनोरा आकाशासमोर ठसठशीत उभा राहायला हवा होता, म्हणजे आकाश पूर्ण वाळायला हवे होते. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत ते काही मिनिटांत वाळले असते. त्या दिवशी बाहेर पाऊस धरलेला होता, दालनात ओल्या छत्र्यांचा आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा होता आणि कागद काही वाळायला तयार नव्हता. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. खुर्च्यांची कुरकुर सुरू झाली. कुणीतरी हेअर ड्रायर आहे का असे विचारले. चित्रकारांनी मान हलवली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत हळूहळू बसतात तेव्हा आकाशाला तो दाणेदार पोत येतो, वाऱ्याने घाई केली तर ते नीट बसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मग मागून एका संयोजकाने घड्याळाकडे बोट दाखवले. सातला दालन आवरायचे होते. चित्रकारांनी पुन्हा एकदा बोटांची पाठ लावून पाहिली, काही बोलले नाहीत, आणि मनोऱ्याला हात घातला.

मनोऱ्याची उजवी कड नीट उतरली. डावीकडे, टोकाजवळ, दगडाचा करडा रंग आकाशात फुटला. आधी केसाएवढा, मग बोटाएवढा, आणि आम्ही सगळे पाहत असताना तो वर सरकत सरकत तिथे एक फिकट फुलोरा तयार झाला. कुणी काही बोलेना. त्यांनी धोतराचा तुकडा उचलला, डागावर टेकवण्यासाठी पुढे नेला आणि मध्येच हात मागे घेतला. "टिपून घेतला असता तर तुम्हाला दिसले नसते. राहू द्या," ते म्हणाले. "कागद गार होता. मला माहीत होते. मी थांबलो नाही."

मी पाहिलेल्या सगळ्या प्रात्यक्षिकांत या एका क्षणाइतके मला कशानेच शिकवलेले नाही. ज्यांचा हात चाळीस वर्षे चालतो आहे त्यांनाही कागद सूट देत नाही, आणि बिघाडाचे कारण ते पन्नास अनोळखी माणसांसमोर नऊ शब्दांत सांगू शकतात, हे दोन्ही मला मोलाचे वाटले. यशस्वी झालेले चित्र मी कितीही वेळ पाहिले असते तरी यातले काही मला कळले नसते.

पुढे जाण्याआधी एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती या प्रदर्शनाबद्दल नसून एकूण प्रथेबद्दल आहे. अलीकडे काही ठिकाणी प्रात्यक्षिकाचा खेळ केला जातो. मोठ्या आवाजात संगीत, फेकलेले रंग, उलटे रंगवून शेवटी सरळ केलेला चेहरा आणि पाच मिनिटांत टाळ्या. मोठ्या जमावासमोर चित्र काढणे ही नवी गोष्ट नाही. जपानी चित्रकार होकुसाई यांनी १८०४ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, गोकोकुजी देवळाच्या आवारात केरसुणीसारखा ब्रश आणि बादलीभर शाई घेऊन बोधिधर्म या बौद्ध भिक्षूचे अवाढव्य चित्र लोकांसमोर काढले होते. पण होकुसाईंच्या त्या करामतीच्या मागे आयुष्यभराचे रेखाटन होते. केवळ वेगाची करामत पाहून परतणाऱ्या माणसाला चित्र हा हातचलाखीचा प्रकार वाटू लागतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. ज्या शहरात १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव चालतो, जिथले रसिक गायकाने तानपुरा जुळवेपर्यंत निमूट बसतात आणि ते जुळवणे हाही मैफलीचाच भाग मानतात, त्या शहराला कागद वाळेपर्यंत थांबणे जड जाऊ नये.

दुसऱ्या दिवशीच्या व्यक्तिचित्रासाठी ठरलेले मॉडेल पावसामुळे येऊ शकले नाही. नाटकाचे तिकीट काढायला आलेले आणि पावसाची सर ओसरेपर्यंत टेकावे म्हणून दालनात शिरलेले एक आजोबा भिंतीपाशी उभे होते. "काका, तासभर बसाल का?" असे संयोजकांनी विचारताच ते आधी संकोचले, मग टोपी नीट करून खुर्चीवर जाऊन बसले. व्यक्तिचित्र करणाऱ्या चित्रकार चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी आजोबांच्या चपलांभोवती खडूने रेघ मारून घेतली, म्हणजे दर वीस मिनिटांनी विश्रांतीसाठी उठले तरी पुन्हा त्याच जागी, त्याच कोनात बसता येईल.

पॅलेटवर चारच रंग होते, पांढरा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, एक तांबडा आणि काळा. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झोर्न यांच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. निळा नाहीच, मग आजोबांच्या पांढऱ्या टोपीची सावली, जी सरळ सरळ निळसर दिसत होती, त्या कशी रंगवणार, असा प्रश्न मला पडला. त्यांनी काळ्यात पांढरा मिसळून एक करडा रंग केला. पॅलेटवर तो राखेसारखा दिसत होता. पण कपाळाच्या तांबूस रंगाशेजारी तो लागताच निळा झाला. मी दोनदा डोळे चोळून पाहिले. रंग स्वतःच्या जोरावर काही नसतो, तो शेजाऱ्यामुळे ठरतो, हे पुस्तकात वाचून कळणे वेगळे आणि टोपीवर घडताना पाहणे वेगळे.

त्या सारख्या डोळे किलकिले करून पाहत होत्या. डोळे बारीक केले की पापण्या, सुरकुत्या, मिशीचे केस दिसेनासे होतात आणि उजेड आणि अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. पहिला अर्धा तास त्या चित्राला डोळेच नव्हते, भुवईखाली दोन गडद खोबणी होत्या. तरीही ते आजोबाच होते. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती होईपर्यंत मूर्ती मुकी वाटते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. इथे मात्र डोळ्यांच्या आधीच माणूस ओळखू आला, तो मानेच्या कलण्यावरून आणि खांदा पुढे काढून बसण्याच्या ढबीवरून.

मला त्या संध्याकाळी सर्वांत जास्त आजोबांकडे पाहावेसे वाटले. चित्राची पाठ त्यांच्याकडे होती. आपले काय चालले आहे हे दालनात सर्वांना दिसत होते, त्यांना सोडून. म्हणून ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. आम्ही चित्राकडे पाहून पुन्हा त्यांच्याकडे पाहिले की त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलत असे. कुणी मान डोलावली की ते किंचित ताठ होत. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचे, हातातल्या दिव्याभोवती तळवा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड जलरंगातला आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्यासाठी हळदणकरांच्या कन्या गीताबाई उभ्या राहिल्या होत्या. तंत्राबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण दिवा धरलेला हात किती भरून आला असेल हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. समोरच्या आजोबांनी मांडीवरचा हात न हलवता फक्त बोटे उघडून मिटली, तेव्हा तो आला.

चित्र झाल्यावर त्यांना ईझलसमोर आणले. बराच वेळ ते पाहत राहिले आणि मग चित्रकार बाईंना म्हणाले, "ताई, आमचे थोरले बंधू असेच दिसायचे हो." बाईंनी पदराला हात पुसत त्यांना वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशीचे रेखाटन एका तरुण मुलीने केले. तिने दारापाशी उभ्या केलेल्या छत्र्या काढल्या. शाईची रेघ खोडता येत नाही. चुकली तर ती तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ ओढायची, ही तिची रीत होती, आणि पूर्ण झालेल्या चित्रात त्या चुकलेल्या रेघांमुळेच छत्र्या नुकत्याच कुणीतरी टेकवून गेल्यासारख्या वाटत होत्या.

इंग्रज चित्रकार टर्नर यांची एक हकिकत चित्रकारांमध्ये सांगितली जाते. १८३५ साली लंडनच्या ब्रिटिश इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आदल्या वर्षीच्या पार्लमेंटच्या आगीचे चित्र पाठवले ते जवळजवळ नुसत्या पुसट रंगांच्या अवस्थेत. प्रदर्शनाआधी शेवटचा हात फिरवण्यासाठी चित्रकारांना दिलेल्या दिवशी ते उजाडताच आले, भिंतीवर टांगलेल्या कॅनव्हाससमोर इतर चित्रकारांच्या देखत दिवसभर उभे राहून त्यांनी ते पूर्ण केले, रंगांची पेटी मिटली आणि मागे वळून चित्राकडे एकदाही न पाहता निघून गेले. ही गोष्ट मी पूर्वी वाचली तेव्हा मला त्यांच्या वेगाचे नवल वाटले होते. आता नवल वाटते ते पेटी मिटण्याचे. अजून एक फटकारा मारावा असे कुणाला वाटणार नाही? तो न मारण्याचा निर्णय कसा होत असेल?

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेले. तीनही प्रात्यक्षिकांची चित्रे विनाचौकट एका पॅनेलवर लावलेली होती. मंडईचे चित्रही होते, मनोऱ्यालगतच्या त्या फुलोऱ्यासकट. भिंतींवरच्या इतर चित्रांसमोर उभी राहिले तेव्हा मात्र माझी नजर बदललेली आहे हे ध्यानात आले. एका जलरंगाच्या चित्रात नदीवरचे धुके पाहताना मी हे आधी, हे नंतर, इथे थांबले असतील, इथे चमक असतानाच रंग सोडला असेल, असे मनाशी म्हणत होते. या ब्रशने कागद सोडला तो इथे. ही पांढरी जागा रंगवलेली नाही, राखलेली आहे. चित्रापाशी मी पूर्वी दोन मिनिटे थांबत असे, त्या दिवशी एकेकापाशी पंधरा मिनिटे गेली आणि निघताना पाय दुखत होते.

परतताना अप्पा बळवंत चौकात उतरले आणि जाड खरखरीत कागदाचे दोन ताव, चपटा ब्रश आणि दोनच रंगांच्या नळ्या घेतल्या, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर देव्हाऱ्यातला तांब्या मांडला. पाट पुस्तकावर टेकवून कलता केला, कागदाच्या कडा चिकटवल्या. आधी मागची भिंत. पट्ट्याखाली पाणी साचले, ते पुढच्या पट्ट्याने उचलले. दोन ठिकाणी जोड राहिला. मग तांब्याची डावी कड समोर आली, तोच लांब फटकारा, वरून खाली. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. मी ब्रश पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि बोटांची पाठ कागदाला लावून पाहिली. खिडकीशी जाऊन आले, पुन्हा लावून पाहिली. अजून गार होता.